उरलेले चार आणे

सत्कृत्याचा हिशेब विचारू नये असे आपल्याकडे म्हणतात. दान कोणी दिले, किती दिले, कशातून दिले, हे पुसणे असभ्यपणाचे समजले जाते. मला मात्र, वयाचा परिणाम म्हणा की मास्तरकीची सवय म्हणा, एखादे सत्कृत्य घडलेले कानी आले की पहिला प्रश्न सुचतो तो हाच, की याचा खर्च कोणी सोसला? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची म्हण ज्याने पहिल्यांदा काढली तो माणूस मोठा विचारी असला पाहिजे. मिठाई हलवायाची, घर हलवायाचे, आणि कृष्णार्पण म्हणून पाणी सोडणारा भलताच कोणी. तो पाणी सोडणारा लबाडच असतो असे नव्हे. पुष्कळदा तो अगदी मनापासून, डोळे मिटून, सद्गदित होऊन पाणी सोडत असतो. अडचण आहे ती इथेच. लबाडाला लबाड म्हणून मोकळे होता येते, पण सद्गदित झालेल्या माणसाला काय म्हणावे?

हा प्रश्न गेले काही दिवस माझ्या मागे लागला आहे, आणि तो लावून दिला एका वाघाने. तो वाघ मी पाहिलेला नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या धाराशिव जिल्ह्यात वाघ आला. येडशीजवळच्या रामलिंग घाट अभयारण्यात वनखात्याने लावून ठेवलेल्या कॅमेऱ्यात त्याची छबी उमटली. माणसाच्या बोटाचे ठसे जसे कोणाचे कोणाशी जुळत नाहीत तसे वाघाच्या अंगावरचे पट्टेही जुळत नाहीत. ते पट्टे ताडून पाहिले तेव्हा हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा नर निघाला. टिपेश्वर ते येडशी म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोमीटरांची वाट. मधे नद्या, रेल्वेचे रूळ, हमरस्ते, उसाचे फड, आणि माणसांनी भरलेली गावे. हे सगळे ओलांडून, कोणाला न दिसता, तो बालाघाटाच्या डोंगरात पोचला. वनखात्याच्या लोकांनी त्याचे नावही रामलिंग असेच ठेवले.

हे असे का होते तेही समजून घेण्यासारखे आहे. वाघाचा बच्चा दोन वर्षांच्या सुमाराला आईपासून सुटा होतो आणि नर असेल तर त्याला स्वतःचे राज्य शोधावे लागते. टिपेश्वरचे अभयारण्य जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरांचे. तिथे आधीच दाटी. मग धाकट्याने वाट धरायची. याच टिपेश्वरचा एक वाघ २०१९ साली निघाला तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला. गळ्यात पट्टा असल्यामुळे त्याच्या चालण्याचा हिशेब राहिला, आणि तो तीन हजार किलोमीटरांच्या घरात भरला. आमच्याकडेही थोरला शेत सांभाळतो आणि धाकटा पुण्याला कंपनीत जातो. तेव्हा ही कथा आम्हाला अगदीच अनोळखी नाही.

वाघाची बातमी आली तेव्हा आमच्या मुरुम गावात जो आनंद झाला तो सांगण्यासारखा होता. झाडांच्या बाबतीत आमचा भाग दरिद्री. गावाचे नावच मुरुम. रस्त्यावर पसरायच्या मातीचे नाव ज्या गावाला, त्याने अरण्याचा तोरा कुठून मिरवायचा? पावसाचे म्हणाल तर तो सह्याद्रीवर रिता होऊन उरलासुरला आमच्याकडे येतो. ज्वारी, तूर, सोयाबीन आणि पाणी असेल तिथे ऊस, एवढीच आमची हिरवळ. अशा जिल्ह्यात आपल्या पायांनी वाघ चालत आला म्हणजे पाहुणा आपल्या घरी उतरल्यासारखे वाटले. कट्ट्यावरची मंडळी, जी एरवी कशावरही एकमत करीत नाहीत, ती वाघ वाचला पाहिजे यावर एकमुखाने बोलू लागली. मीही त्यांतलाच. देशात २००६ साली वाघांची गणना १,४११ वर आली होती आणि २०२२ साली ती सरासरी ३,६८२ वर गेली, हे आकडे मी स्वतः दोघातिघांना अभिमानाने ऐकवले. येडशी आमच्यापासून शंभर किलोमीटरांच्या आसपास दूर आहे, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात नव्हते.

त्याच सुमारास हॉलंडमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने नातवंडांसाठी फोनवर काही चित्रे पाठवली. तिथे आर्न्हेम नावाच्या गावी बर्गर्स झू नावाची प्राणिबाग आहे, आणि तिच्यात १९८८ पासून छताखाली एक उष्णकटिबंधाचे वर्षावन उभे केले आहे. बाहेर बर्फ पडत असले तरी आत घाम फुटावा अशी ऊब, वर चढत गेलेल्या वेली, कृत्रिम धबधबा, मोकळी उडणारी पाखरे आणि फुलपाखरे. भाच्याची मुले कोट काढून हातावर टाकून त्या जंगलातून हिंडत होती. ती चित्रे पाहून आमचा नातू म्हणाला, "आजोबा, आपल्याकडे असं जंगल नाही?" मी म्हटले, आहे की. छत नाही एवढेच. पण वाघ मात्र खरा आहे.

अशा रीतीने आमची सहल ठरली. महाशिवरात्र नुकतीच होऊन गेली होती. २०२५ च्या मार्चचा पहिला आठवडा. मी, सौ., माझी थोरली बहीण आक्का, मुलगा, सून आणि दोन नातवंडे, असे सातजण भाड्याच्या गाडीतून पहाटे पाचला निघालो. बरोबर धपाटे, दही, शेंगांची चटणी, आणि आक्काच्या हट्टाखातर पाण्याची कळशी. आक्का ऐंशीला टेकली आहे आणि विकतचे पाणी पीत नाही. नळदुर्गला उजाडले. तुळजापूरला रविवारची रांग पाहून आक्काने कळसालाच हात जोडले आणि "आई, येताना" असे देवीला सांगून टाकले. धाराशिव मागे पडले, येडशी आली, आणि रस्ता डोंगरात शिरला.

रामलिंगाचे देऊळ दरीच्या तळाशी आहे. पावसाळ्यात इथे ओढा भरून वाहतो, कड्यावरून धबधबा कोसळतो आणि सगळी दरी हिरवीगार होते. श्रावणात तर माणसांची जत्राच असते. आम्ही गेलो तेव्हा मात्र रान पिवळे पडले होते. गवत वाळलेले, सीताफळीची झुडपे काड्यांसारखी उभी, आणि सगळीकडे पाचोळा. नातवाच्या चेहऱ्यावरून हॉलंडचे जंगल उतरत गेलेले मला स्पष्ट दिसले. माकडांनी तेवढी लाज राखली. सुनेच्या हातातला केळ्यांचा फणा एका थोराड वानराने इतक्या सभ्यपणे काढून घेतला की तिला ओरडायचे सुद्धा सुचले नाही.

या जागेची कथा अशी सांगतात, की सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाला जटायूने इथे अडवले आणि पंख तुटून तो इथेच पडला. जटायूची समाधीही दाखवतात. अशी स्थळे भारतात पुष्कळ आहेत. नाशिककडे टाकेद आहे, आंध्रात लेपाक्षी आहे. मला त्या वादात रस नाही. मी मुलांना गोष्ट सांगितली, आणि सांगताना एक गोष्ट माझ्याच लक्षात आली, की या पक्ष्याने जे दिले ते स्वतःच्या अंगचे दिले.

वाघ दिसला नाही. दिसणारही नव्हता. त्या दिवसांत त्याला बेशुद्ध करून पकडण्यासाठी ताडोब्याहून पथके आलेली होती, अनुभवी माणसे रानात दिवसरात्र बसत होती, आणि त्यांनाही तो हुलकावण्या देत होता. तो आमच्या भाड्याच्या गाडीची वाट पाहत उभा राहील हे संभवतच नव्हते. पण धाकटी नात हिरमुसली. आदल्या उन्हाळ्यात आम्ही तिला हैदराबादला नेहरू प्राणिसंग्रहालय दाखवले होते. आमच्या भागाला अजून हैदराबादच जवळचे शहर वाटते. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्याच राज्यात होतो, आणि लग्नाचा बस्ता, मोठे दुखणे, कॉलेज, सगळ्यांसाठी तिकडेच धाव असे. १९६३ साली उघडलेल्या त्या बागेत तिने खंदकापलीकडचा वाघ मनसोक्त पाहिला होता. तेव्हा तिने हिशेब मांडला: "तिथे आपण तिकीट काढलं म्हणून वाघ दाखवला. इथे तिकीटच नाही काढलं, मग कसा दाखवतील?"

सगळे हसले. मीही हसलो. पण त्यानंतर अर्ध्या तासात त्या वाक्याचा अर्थ पालटला.

वरच्या अंगाला एका झाडाखाली आम्ही धपाट्यांची गाठोडी सोडली. शेजारी एक मनुष्य पोत्यावर कवठे मांडून बसला होता. चाळिशीचा असेल. आक्काने त्याला धपाटे दिले, त्याने आक्काला दोन कवठे दिली, आणि बोलणे सुरू झाले. आसपासच्याच एका वाडीचा, दोन एकर कोरडवाहू जमिनीचा धनी. मी सहज विचारले, "काय पाहुणे, वाघ पाहिलात का?"

तो म्हणाला, "न्हाई बगितला, काका. माजी गाय तेवढी नेली त्यानं."

जानेवारीतली गोष्ट. पहिलारू गाय, तीन महिन्यांचे वासरू पाठीशी. संध्याकाळी बाकीची जनावरे परत आली, ही आली नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्यात सापडली. पंचनामा होईपर्यंत जनावर जागचे हलवायचे नाही, म्हणून हा आणि त्याचा भाऊ तिथे बसून राहिले. पुढे भरपाई मिळाली. "पैसं आलं, न्हाई असं न्हाई," हे त्याने दोनदा सांगितले. कोणाची तक्रार करतो आहे असे वाटू नये अशी त्याची इच्छा दिसली. गाईची किंमत बाजारभावाने चाळीस हजार धरली होती. त्याला तीस मिळाले.

"दहा कशाचे कापले?" माझ्या मुलाने विचारले.

"कापलं न्हाईत. तसाच कायदा हाय म्हनं."

आणि कायदा तसाच आहे. घरी आल्यावर मी तो पाहिला. २०२२ च्या शासननिर्णयाने ठरलेला दर असा, की वन्य प्राण्याने गाय, म्हैस किंवा बैल मारला तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मालकाला द्यावी. माझ्या पिढीला अजून आण्यांत विचार करणे सोपे जाते. रुपयातले बारा आणे सरकार देते. चांगली दुभती म्हैस असेल आणि ती लाखावर वीस हजारांची असेल तर वरची मर्यादा आड येते आणि रुपयाला नऊ आणेच पदरात पडतात. पण आपण बारा आणेच धरू. उरलेले चार आणे कोणी द्यायचे?

परतीच्या वाटेवर गाडीत यावर बराच खल झाला. माझा मुलगा शिकलेला आहे आणि वाघाच्या बाजूचा आहे. त्याचे म्हणणे असे, की चार आणे मागे ठेवण्यात शहाणपण आहे. विम्यातही काही वाटा मालकाच्या अंगावर ठेवतातच. पूर्ण किंमत मिळाली तर उद्या कोणी भाकड गाय मुद्दाम वाघाच्या वाटेवर बांधील. शिवाय अभयारण्याच्या कडेला गुरे चारायची म्हटले की धोका आलाच. रस्त्याकडेला दुकान टाकणाऱ्याने धुळीची भरपाई मागावी का? आणि शेवटी वाघ काही सरकारने पाठवलेला नाही. तो आपल्या पायांनी आला. पाऊस पडला नाही तर आपण पुरे पीक कोणाकडून मागतो?

यांतले काही मुद्दे मला पटले. भाकड गाईचा मुद्दा खरा आहे. माणूस म्हटला की ते होणारच, आणि कायदा लिहिणाराला माणसाचा तो कोपरा ध्यानात घ्यावाच लागतो. पण पावसाशी केलेली तुलना पटली नाही. पाऊस पडावा की न पडावा हे आपण ठरवीत नाही. वाघ असावा हे मात्र आपण ठरवले. १९७२ साली कायदा करून ठरवले, १९७३ साली व्याघ्रप्रकल्प काढून ठरवले. जुन्या काळी वाघाने गाय मारली तर गाव बरची-कुऱ्हाडी घेऊन रानात शिरे आणि त्याचा निकाल लावी. तो हक्क आपण त्या गावाकडून काढून घेतला. योग्य केले असेच मी म्हणेन; नाहीतर आज एकही पट्टा उरला नसता. पण एखाद्याच्या हातातली कुऱ्हाड आपण काढून घेतली, की तिने जे राखले जात होते त्याची जबाबदारी आपल्यावर येते. बारा आण्यांपुरती येते आणि चार आण्यांपुरती येत नाही, असे काही मला दिसत नाही.

आक्का इतका वेळ खिडकीबाहेर पाहत होती. ती म्हणाली, "अरे, सोळा आणे दिले तरी ती गाय कुठे आली? त्या वासराला तुझे आणे पाजणार का?"

मला एकदम कालिदास आठवला. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात हाच खटला चालला आहे. दिलीप राजा वसिष्ठांची नंदिनी गाय चारायला नेतो, आणि हिमालयाच्या एका गुहेत सिंह तिच्यावर झडप घालतो. राजा बाणाला हात घालतो तर हात चिकटून बसतो. मग राजा सिंहाला म्हणतो, मला खा आणि हिला सोड. हिचे कोवळे वासरू दिवस मावळताना हिची वाट पाहत असेल. यावर तो सिंह जे बोलतो ते थेट एखाद्या हुशार कारभाऱ्याचे बोलणे आहे. तो म्हणतो, एका गाईपायी एवढे राज्य, हे तारुण्य, हा देह टाकणारा तू अविचारी दिसतोस. गुरू रागावले तर त्यांना कोट्यवधी दुभत्या गाई देऊन टाक म्हणजे झाले. म्हणजे भरपाईची कल्पना सिंहाची! आणि राजाचे उत्तर असे, की दुसऱ्या गाई दिल्याने ऋषींचे समाधान कसे होईल? ही गाय ती ही गाय.

आक्काने कालिदास वाचलेला नाही. तिने पन्नास वर्षे दावणीला गाई सांभाळल्या आहेत, एवढेच.

दिलीपाच्या गोष्टीत मला नेहमी आवडत आली आहे ती तिची रोकड. सिंहाला भूक आहे हे राजा नाकारीत नाही. त्याने उपाशी मरावे असेही म्हणत नाही. गाय वाचावी असे त्याला वाटते आणि त्याची किंमत तो स्वतःच्या मांसात द्यायला बसतो. त्या जागी आपण उभे आहोत असे समजा. आपल्याला वाघही हवा, गाईबद्दल हळहळही हवी, आणि देहाचे सोडाच, चार आण्यांची गोष्ट निघाली की आपण विम्याचे तत्त्व सांगू लागतो. कुठे राजा आणि कुठे आपण, हे मान्य. पण चाळीस हजारांच्या गाईतले दहा हजार ही रक्कम आमच्या मुरुमच्या कट्ट्यावर बसणाऱ्या मंडळींना वर्गणीने जड नव्हती. ती त्या कवठे विकणाऱ्याला जड होती, आणि तिचा बोजा त्याच्यावरच पडला.

आता नातीच्या तिकिटाकडे येतो. हैदराबादच्या बागेत आम्ही तिकीट काढले हे खरे. त्या पैशातून वाघाचे मांस बाजारातून विकत येते. कोणाची पहिलारू गाय जात नाही, कोणाचे वासरू पोरके होत नाही. हिशेब चोख दिसतो. पण तो वाघ खंदकाच्या कडेने तीच पाच-पंचवीस पावले पुन्हा पुन्हा चालत होता. त्याच जागी वळायचा, तीच पावले. जाणते सांगतात, की बंदिस्त जनावरांना असा चाळा लागतो. रानातल्या वाघापेक्षा बागेतला वाघ पुष्कळदा जास्त वर्षे जगतो, औषधपाणीही त्याला मिळते. पण साडेचारशे किलोमीटर चालून जायची ज्याच्या रक्तात सोय आहे त्याला तेवढ्या जागेत ठेवून आपण मुलांना दाखवतो. तिथे उरलेले चार आणे वाघ देतो. रामलिंगाच्या रानात ते गुराखी देतो. पाहणाऱ्याकडून पुरे पैसे कुठेच घेतलेले नाहीत. आर्न्हेमच्या त्या छताखालच्या जंगलात बहुधा पाहणाराच पुरे देत असेल. तिथे झाडे लावलेली, पाऊस नळाचा, आणि ऊब विकत घेतलेली. नातवाला ते जंगल हवे होते याचे मला आता नवल वाटत नाही. ते फार प्रामाणिक जंगल आहे. फक्त ते जंगल नाही.

रामलिंगला पकडून सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात सोडावे असा वनखात्याचा बेत होता. म्हणजे कोयना आणि चांदोलीचे रान; धो धो पावसाचे, सदाहरित झाडांचे, आमच्या नातवाच्या मनातल्या चित्राशी पुष्कळ जुळणारे. रामलिंग घाट अभयारण्य सुमारे बावीस चौरस किलोमीटर, आणि सह्याद्रीचा प्रकल्प, जो २०१० साली जाहीर झाला, तो साडेअकराशे चौरस किलोमीटरांहून मोठा. वाघाला जागा तिथे जास्त हे उघड आहे, आणि त्या बेतामागचा हेतू वाईट होता असे मुळीच म्हणता येणार नाही. पण तिथेही जमाखर्च कोरा नाही. चांदोलीच्या रानातून गावे उठवली गेली आहेत. तिथल्या लोकांनी आपले चार आणे आगाऊ भरून ठेवले, जमिनीत आणि घराच्या जोत्यांत. वाघ न्यायचा की राहू द्यायचा, यावर मी मत देणार नाही. तो विषय जाणत्यांचा आहे. मला एवढेच दिसते, की वाघ कुठेही नेला तरी त्याच्याबरोबर ती बाकी जाते आणि ती कुणाच्या नावावर टाकायची ते ठरवावे लागते.

आपल्याच लोकांनी हे एका वेगळ्या तऱ्हेने ठरवलेले मला माहीत आहे. दिवाळीचा पहिला दिवस वसुबारस. सवत्स धेनूची पूजा. आपण घाटावरचे शेतकरी तेवढेच जाणतो. पण अकोले, जुन्नरकडच्या डोंगरात महादेव कोळी लोक त्याच दिवशी वाघबारस करतात. रानाच्या तोंडाशी वाघोबाचे ठाणे असते, शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडात कोरलेला वाघ. त्याची पूजा होते, नैवेद्य होतो, गुरांना सांभाळ म्हणून साकडे घातले जाते. एकाच तिथीला एका घरी गाय आणि दुसऱ्या घरी वाघ पुजावा हा मला कॅलेंडरातला अपघात वाटत नाही. ज्यांची गुरे रोज वाघाच्या रानात जातात त्यांनी वाघाला देव केला. आणि ज्यांनी त्याला फक्त चित्रात पाहिला त्यांनी त्याला राष्ट्रीय प्राणी केला. दोन्ही मानच आहेत. फरक एवढा, की पहिल्या मानात देणारा आणि पुजणारा एकच आहे.

मुलगा म्हणेल, हे भाबडे झाले. शेंदराने चार आणे भरून येत नाहीत. बरोबर आहे. येत नाहीत. म्हणूनच मी कवठेवाल्याला सद्गदित होऊन काही सांगितले नाही. त्याच्या बोलण्यात वाघाविषयी द्वेष नव्हता, आणि तो नव्हता याचाही मी फार गौरव करणार नाही; गरिबाच्या सोशिकपणाचा गौरव करणे ही सुद्धा हलवायाच्या घरावरची तुळसच आहे. "तुमाला दिसला न्हाई म्हनून लेकरं नाराज झाली," तो म्हणाला, "मला बी न्हाई दिसला. नुसता हिशोब ठिवून गेला." हे म्हणताना तो हसला, पण आम्हाला हसता आले नाही.

मी त्याला विचारले, दुसरी गाय घेतली का?

घेतली होती. मिळालेल्या तीस हजारांत दहा घालून, म्हणजे उसने काढून. वासरू जगले, शेजारणीच्या म्हशीचे दूध पाजून त्याच्या बायकोने ते वाढवले. पण नवी गाय आता तो रानात सोडत नाही. दावणीला बांधूनच तिला वैरण घालतो. पूर्वी सकाळी सोडले की जनावर संध्याकाळी पोट भरून येई. वर्षातले सात-आठ महिने वैरणीला पैसा लागत नसे. आता रोज पाच पेंढ्या. मी कडब्याच्या शेकड्याचा भाव विचारला. त्याने सांगितला, आणि पोत्यावरची कवठे मोजून पुन्हा नीट मांडू लागला. माझ्या मुलाने तोंडातल्या तोंडात गुणाकार केला आणि तो बराच वेळ काही बोलला नाही. भरपाईच्या कागदात या खर्चाचा रकानाच नाही. तिथे गाय मेली का, एवढेच विचारलेले असते.